‘तुम्ही मरियेची पूजा करता’ आणि ‘तुम्हाला कृत्यांची गरजच नाही’

पत्र: मी प्रोटेस्टंट घरात वाढले. ज्याच्याशी माझं लग्न ठरलंय तो कॅथलिक आहे. आमच्या दोघांत वाद नाही, पण दोन्ही घरची माणसं एकत्र बसली की हा विषय निघतोच. माझे बाबा म्हणतात, ‘ते येशूच्या आईची, मरियेची पूजा करतात, आणि मूर्ती ठेवता याव्यात म्हणून त्यांनी दहा आज्ञांमधली दुसरी आज्ञाच काढून टाकली.’ त्याच्या आई म्हणतात, ‘तुमच्यात काय, विश्वास ठेवला की झालं, मग कसंही वागा, तारण पक्कं.’ मागच्या वेळी दोघंही भरल्या ताटावरून उठले. मला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का, त्यांच्या मिस्सामध्ये, म्हणजे उपासनेत, मी प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारस) घेऊ शकते का, हेही कुणी नीट सांगत नाही. लग्नाला पाच महिने आहेत. यातलं खरं किती आणि गैरसमज किती?

उत्तर: सप्रेम नमस्कार.

तुमच्या बाबांची आणि होणाऱ्या सासूबाईंची चूक एकच आहे. दोघांनीही समोरच्याचं मत समोरच्याच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. आपल्याच माणसांनी सांगितलेलं धरून बसलेत. त्यांचे गैरसमज आधी एकेक करून सोडवू. पण त्यानंतरही काही खरे मतभेद उरतील. ते नाहीतच असं मानून लग्न केलंत, तर पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी ते समोर येतील. म्हणून तेही स्पष्ट सांगतो.

दुसऱ्या आज्ञेपासून सुरुवात करा, कारण तो वाद शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून दहा मिनिटांत मिटतो. निर्गमाचा 20 वा अध्याय काढा. शास्त्र त्यांना ‘दहा वचने’ म्हणतं (निर्गम 34:28), पण कुठलं वचन कितवं, हे कुठेच सांगत नाही. आकडे नंतर आले, आणि प्रत्येक परंपरेनं ते आपापल्या पद्धतीनं घातले. कॅथलिक लोक संत ऑगस्टिनची मोजणी पाळतात. तिच्यात ‘माझ्याशिवाय तुला दुसरे देव नसावेत’ आणि ‘कोरीव मूर्ती करू नकोस’ हे दोन्ही मिळून पहिली आज्ञा होते. त्यामुळे पुढचा प्रत्येक आकडा एकानं अलीकडे सरकतो. शेवटी लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करून दहा पूर्ण होतात: नववी शेजाऱ्याच्या बायकोबद्दल, दहावी त्याच्या मालमत्तेबद्दल. अनुवाद 5:21 मध्ये बायकोचा उल्लेख आधी आणि वेगळा येतो, त्यावर ही विभागणी टेकलेली आहे. बहुतेक प्रोटेस्टंट मूर्तीची आज्ञा स्वतंत्र मोजतात आणि लोभाची एकच ठेवतात. मजकूर दोघांच्या बायबलमध्ये तोच आहे, एक ओळही गाळलेली नाही.

मग बाबांचा समज आला कुठून? मुलांच्या पाठांतरासाठी आज्ञा छोट्या करून छापतात. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या पुस्तकात पहिल्या आज्ञेचं फक्त पहिलं वाक्य दिसतं, मूर्तीचं वाक्य त्याच्या पोटात राहतं. प्रोटेस्टंट माणूस तो तक्ता वाचतो, दुसऱ्या जागी ‘देवाचं नाव व्यर्थ घेऊ नकोस’ दिसतं आणि तो दचकतो. बाबांना आणखी एक दाखवा: लुथरन मंडळ्यासुद्धा कॅथलिकांसारखंच मोजतात. मार्टिन ल्यूथरच्या 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत मूर्तीची वेगळी आज्ञा नाही. रोमशी उभा दावा मांडलेल्या माणसानं रोमच्या सोयीसाठी आज्ञा नक्कीच लपवली नसती. आणि घरात बोलताना आकड्यांनी बोलू नका. ‘सहावी आज्ञा मोडली’ म्हटलं तर तुमच्या बाबांना खून ऐकू येईल आणि सासूबाईंना व्यभिचार.

मरियेचा मुद्दा जास्त खोल आहे, आणि आपल्या भाषेनं तो आणखी अवघड केला आहे. मराठी कॅथलिक माणूस सहज म्हणतो, ‘आमची पवित्र मरियेवर भक्ती आहे’, ‘मी मरियेकडे प्रार्थना केली’. प्रोटेस्टंट कानाला भक्ती आणि प्रार्थना हे दोन्ही शब्द फक्त देवासाठी राखलेले. म्हणून कबुलीजबाब मिळाल्यासारखंच वाटतं! पण कॅथलिक शिकवणीत यासाठी जुने, काटेकोर शब्द आहेत. ‘लात्रिया’ म्हणजे आराधना, ती एकट्या देवाची. ‘दुलिया’ म्हणजे संतांना द्यायचा मान. मरियेला मिळतो तो या मानातलाच सर्वांत वरचा दर्जा, ‘हायपरदुलिया’. आराधना आणि मान यांतला हा फरक 787 च्या नायसियाच्या दुसऱ्या परिषदेनं, प्रतिमांचा वाद सोडवताना, नेमका मांडला. मरियेची किंवा संताची आराधना करणं हे कॅथलिक शिकवणीतही पापच आहे.

ग्रीक शब्दांवर बाबांचं समाधान होणार नाही. त्यांना संतांच्या नावांची विनवणी ऐकवा, आणि फक्त क्रियापदाकडे कान द्यायला सांगा. पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव येतं तेव्हा लोक म्हणतात, ‘आमच्यावर दया कर.’ मरियेचं आणि संतांचं नाव सुरू झालं की उत्तर बदलतं: ‘आमच्यासाठी विनंती कर.’ दया करणारा एक, विनंती करणारे अनेक. ‘नमो मरिये’ या प्रार्थनेचंही तसंच. तिचा पहिला अर्धा भाग लूक 1:28 आणि 1:42 मधल्या शब्दांचा आहे, आणि दुसऱ्या भागात मागणी एवढीच की आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. मरियेकडे क्षमा मागितलेली नाही. या विषयावर बोलताना ‘आराधना’ आणि ‘विनंती’ हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तर अर्धी कटुता तिथेच ओसरेल.

अर्धीच म्हणतो, कारण बाबांच्या मनात एक रास्त प्रश्न उरतोच. देव आणि माणसं यांच्यामध्ये मध्यस्थ एकच, असं 1 तीमथ्य 2:5 सांगतं. मग जिवंत ख्रिस्त ऐकत असताना मृत संतांना का सांगायचं, आणि ते ऐकतात हे कशावरून? कॅथलिक उत्तर असं की मी मैत्रिणीला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हणतो तेव्हा ख्रिस्ताचं मध्यस्थपण कमी होत नाही, आणि मरण ख्रिस्तातल्या माणसांचं नातं तोडत नाही. हे उत्तर बाबांना पटलंच पाहिजे असं नाही. पण ‘ते मूर्तिपूजक आहेत’ आणि ‘संतांना विनंती करणं शास्त्राला धरून नाही असं मला वाटतं’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरं वाक्य जेवणाच्या टेबलावर बोलता येतं.

‘निष्कलंक गर्भसंभव’ या शब्दावरही बरेच जण घसरतात, कॅथलिकसुद्धा. तो येशूच्या कुमारीपासून झालेल्या जन्माबद्दल नाही. मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटी आली तेव्हापासून मूळ पापापासून (आदामापासून सगळ्या माणसांत आलेल्या पापापासून) मुक्त होती, अशी ती शिकवण. पोप पायस नववे यांनी 1854 मध्ये जाहीर केलेली. त्यातही ती ख्रिस्ताच्याच पुण्याईनं वाचवली गेली, असंच म्हटलं आहे. प्रोटेस्टंट हे मानत नाहीत, कारण शास्त्रात त्यांना ते सापडत नाही. उलट सासूबाईंनीही ध्यानात घ्यावं: प्रोटेस्टंट मरियेला तुच्छ मानतात हेही खरं नाही. ल्यूथरनं तिच्या स्तोत्रावर 1521 मध्ये आदरानं भाष्य लिहिलं, आणि लूक 1:48 मधलं ‘सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील’ हे वचन तुमच्याही शास्त्रात आहे.

आता सासूबाईंचं वाक्य. या एका मुद्द्यावर पश्चिमेतली ख्रिस्ती मंडळी (चर्च) दुभंगली, म्हणून इथे घाई करू नका.

‘विश्वास’ हा शब्द दोन्ही घरांत एकच असला, तरी त्यात भरलेला माल वेगळा आहे. जुन्या कॅथलिक परिभाषेत विश्वास म्हणजे देवानं प्रकट केलेलं सत्य मान्य करणं. आशा आणि प्रीती हे त्याच्या शेजारचे वेगळे गुण. म्हणून ‘केवळ विश्वासानं तारण’ (पापातून सुटका) ऐकलं की कॅथलिक माणसाला ‘प्रीतीशिवाय तारण’ ऐकू येतं, आणि तो लगेच याकोबाचं पत्र 2:24 काढतो, जिथे ‘केवळ विश्वासाने नव्हे’ असं म्हटलं आहे. प्रोटेस्टंट परिभाषेत विश्वास म्हणजे स्वतःला ख्रिस्तावर पूर्ण टाकून देणारा भरवसा, आणि असा भरवसा फळ दिल्याशिवाय राहूच शकत नाही. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विननं 1547 मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेला उत्तर देताना हेच मांडलं: नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरवतो तो एकटा विश्वास, पण ठरवणारा विश्वास कधी एकटा नसतो. लुथरनांच्या 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबातही (श्रद्धेच्या जाहीरनाम्यातही) विश्वासानं चांगली फळं दिलीच पाहिजेत असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे ‘कसंही वागा’ ही शिकवण कुठल्याही मोठ्या प्रोटेस्टंट परंपरेची नाही. ‘तारण पक्कं’ हेसुद्धा सगळ्यांचं मत नाही: कॅल्विनच्या परंपरेत खरा विश्वासी शेवटपर्यंत टिकतो असं मानतात, तर वेस्लीच्या मेथडिस्ट परंपरेत माणूस कृपेतून ढळू शकतो असं शिकवतात. तुमची मंडळी कोणती, हे सासूबाईंना आधी नीट सांगा.

उलट बाजूनं, ‘कॅथलिक लोक पुण्य जमवून स्वर्ग विकत घेतात’ हा समज तुमच्या घरात असेलच. ट्रेंटच्या परिषदेनं 1547 मध्ये नीतिमान ठरण्याविषयी जे नियम केले, त्यातला पहिलाच असा: ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेशिवाय, आपल्याच कृत्यांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत. सुरुवात कृपेनं होते, यावर दोन्ही घरं एक आहेत.

मग फरक कुठे? मराठीत तो दोन क्रियापदांनी दाखवता येतो: नीतिमान ठरणं आणि नीतिमान होणं. प्रोटेस्टंट यांना दोन वेगळ्या गोष्टी मानतात. देव न्यायाधीशासारखा ख्रिस्तामुळे पाप्याला नीतिमान ठरवतो, हा एका क्षणाचा निकाल. मग तो माणूस हळूहळू बदलत जातो, त्याला ते पवित्रीकरण म्हणतात. कॅथलिक शिकवण ठरणं आणि होणं या दोन्हींना एकाच नावाखाली घेते, कारण देव ज्याला नीतिमान म्हणतो त्याला तो आतून तसा करतोच. म्हणून कॅथलिक माणूस म्हणतो की कृपेनं केलेल्या सत्कृत्यांनी नीतिमत्त्व वाढतं. प्रोटेस्टंटाला वाटतं, निकाल लागल्यावर आता हा त्यात स्वतःची भर घालतोय. प्रोटेस्टंट म्हणतो की कृत्यांनी त्यात काहीच वाढत नाही. कॅथलिकाला वाटतं, हा जीवन बदलायलाच नको म्हणतोय. बाबांना आणि सासूबाईंना शेजारी बसवून ही दोन क्रियापदं कागदावर लिहून दाखवा. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली 8, 9 आणि 10 ही तिन्ही वचनं सलग वाचा. भांडणात प्रोटेस्टंट नवव्यावर थांबतात आणि कॅथलिक दहाव्यापासून सुरू करतात.

हा समेट आम्ही मनानं रचलेला नाही. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक ख्रिस्तसभा यांनी याच विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे, तर केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, असं त्यात एकत्र म्हटलं आहे. 2006 मध्ये मेथडिस्टांची आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्यांची जागतिक संघटना त्यात सामील झाली. सगळे प्रोटेस्टंट त्यात नाहीत, आणि उरलेले फरकही त्यात नोंदवलेले आहेत. तरी ‘ते कृत्यांनी तरतात’ किंवा ‘त्यांना कृत्यं नकोच’ हे आज म्हणणाऱ्यानं आधी ते वाचावं.

बाकीचे काही मुद्दे थोडक्यात. पोप पाप करत नाहीत किंवा ते बोलतील ते सगळं अचूक, असं कॅथलिक मानत नाहीत. 1870 च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं ठरवलेली अचूकता फक्त श्रद्धा-नीतीच्या बाबतीत, सर्व ख्रिस्तसभेला बांधील म्हणून केलेल्या औपचारिक घोषणेपुरती आहे. त्यानंतर पोपनी अशी घोषणा एकदाच केली, 1950 मध्ये, मरियेला देहासह स्वर्गात घेतलं गेलं या शिकवणीची. धर्मगुरूपुढे केलेल्या पापनिवेदनात पश्चात्ताप नसेल तर क्षमा लागू होत नाही, आणि तिथे क्षमा देवच करतो. शुद्धिस्थान म्हणजे मेल्यानंतरची दुसरी संधी नाही. कृपेत मेलेल्यांचंच ते शुद्धीकरण. प्रोटेस्टंट ते नाकारतात. त्याचा एक आधार 2 मक्काबी 12 मध्ये आहे, आणि ते पुस्तक तुमच्या 66 पुस्तकांच्या बायबलमध्ये नाही, त्यांच्या 73 च्या बायबलमध्ये आहे. एकमेकांना वचनं दाखवताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर ‘हे कुठून आणलं?’ असा नवा वाद निघेल.

सासूबाईंनी दुरुस्त करून घ्यावं असं आणखी थोडं आहे. ‘केवळ शास्त्र’ म्हणजे परंपरा केराच्या टोपलीत, असं नव्हे. शेवटचा निकाल शास्त्राचा, एवढाच त्याचा अर्थ. नायसियाचा विश्वासांगीकार बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्याही मान्य करतात. आणि प्रोटेस्टंटांना प्रभुभोजन म्हणजे नुसती आठवण वाटते, हे सरसकट खरं नाही. 1529 मध्ये मारबुर्ग इथे ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंगली याच प्रश्नावर फुटले. ल्यूथरनं ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द खडूनं टेबलावर लिहिले आणि ते सोडले नाहीत.

इथून खरे मतभेद सुरू होतात: पोपचा अधिकार, मरियेविषयीचे सिद्धान्त, संस्कार सात की दोन, आणि मिस्सामध्ये भाकर-द्राक्षारसाचं खरोखर काय होतं. हे गैरसमज नाहीत. त्यांवर दोन्ही बाजूंनी विचार करणाऱ्या माणसांनी आयुष्यं घालवली आहेत, तुमच्या लग्नाआधी ते सुटणार नाहीत.

म्हणून घरातल्या बोलण्याला एक पद्धत लावा. एका बैठकीला एकच विषय. बाबांनी कॅथलिक मत तीन वाक्यांत लिहायचं, सासूबाईंनी प्रोटेस्टंट मत तीन वाक्यांत. मग वाचून दाखवायचं. समोरचा ‘हो, आम्ही हेच मानतो’ म्हणेपर्यंत वाक्यं दुरुस्त करायची. ते मान्य होईपर्यंत ‘पण’ हा शब्द बंद. गाडी हमखास अडते ती एका ठिकाणी: माणूस आपल्या घराची उत्तम शिकवण दुसऱ्या घरातल्या वाईट आचरणाशी ताडून बघतो. कुणीतरी ताईत म्हणून गळ्यात जपमाळ घालतो, कुणी ‘मी तारलेला आहे’ म्हणून शेजाऱ्याला लुबाडतो. ही उदाहरणं दोन्हीकडे आहेत, पण शिकवणीची म्हणून ती पुढे करू नयेत.

आता तुमचे स्वतःचे प्रश्न. पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागणार नाही. पाण्यानं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला बाप्तिस्मा कॅथलिक ख्रिस्तसभा वैध मानते, आणि तो आयुष्यात एकदाच. शंका नको म्हणून त्याचा लेखी दाखला लागतो. उलट दिशेनं मात्र विचारून घ्या: तुमची मंडळी बॅप्टिस्ट पद्धतीची असेल तर ती तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मानणार नाही, आणि मग प्रश्न तुमच्या नवऱ्याच्या बाप्तिस्म्याचा होईल.

मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद (तिथलं प्रभुभोजन) घेऊ नका. तो घेणं म्हणजे तिथल्या शिकवणीला आणि अधिकाराला पूर्ण ‘आमेन’ म्हणणं, असा त्यांचा अर्थ आहे. तुमचा अपमान त्यात नाही. कायद्यात अपवाद आहेत, पण ते मरणाच्या धोक्यासारख्या गंभीर गरजेसाठी. बाकांवर बसून राहा, किंवा जिथे तशी रीत असेल तिथे छातीवर हात दुमडून आशीर्वादासाठी पुढे जा. धर्मगुरूंना आधी विचारा. तुमच्या मंडळीचं प्रभुभोजन खुलं असलं, तरी कॅथलिक नवऱ्याला त्याचा कायदा ते घेऊ देत नाही. त्याला आग्रह करू नका. आणि प्रभूची प्रार्थना चालू असताना ‘राज्य, सामर्थ्य, गौरव’ या ओळीकडे एकट्याच पुढे जाऊ नका: मिस्सामध्ये मध्ये धर्मगुरूंची एक प्रार्थना येते आणि ती ओळ त्यानंतर सगळे म्हणतात.

लग्नासाठी नवऱ्याला त्याच्या बिशपांची मिश्र विवाहाची परवानगी काढावी लागेल (कॅथलिक धर्मसभेचा 1983 चा कायदा, कलम 1124). कलम 1125 प्रमाणे मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून शक्य ते सगळं करीन, असं वचन तो देतो. तुम्हाला ते वचन द्यावं लागत नाही. त्यानं ते दिलंय, एवढं तुम्हाला वेळेवर सांगणं बंधनकारक आहे. लग्न तुमच्या पाळकांपुढे करायचं असेल तर कलम 1127 प्रमाणे कॅथलिक विधीतून वेगळी सूट लागते. ती न घेता केलं तर कॅथलिक कायद्यानं ते लग्न वैधच धरलं जात नाही, मग पुढे दुरुस्ती करत बसावं लागतं. दोन्ही घरं खूश राहावीत म्हणून दोन चर्चमध्ये दोनदा वचनं द्यायची युक्ती कुणी सुचवेल. त्याच कलमानं तिला मनाई आहे. पाहुण्यांपैकी निम्म्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येणार नसेल, तर मिस्साविना विवाहविधी हा सर्वांत शहाणा मार्ग. धर्मगुरूंकडे तसा विधी छापील स्वरूपात असतो.

मुलांबद्दलचं ते वचन त्यानं सही करण्याआधी तुम्ही दोघांनी शब्द न् शब्द वाचा, आणि बाळाच्या बाप्तिस्म्याचं काय ठरलं ते लग्नाआधीच बाबांच्या कानावर घाला. तुमच्या बाप्तिस्म्याचा दाखला मात्र या आठवड्यातच पाळकांकडे मागा. तारीख, ठिकाण आणि कुठल्या नावानं बाप्तिस्मा दिला, हे त्यावर लिहून घ्या. जुन्या नोंदवह्या शोधायला वेळ लागतो, आणि परवानगीचा अर्ज त्या कागदाशिवाय पुढे सरकत नाही.